हात, विषय आणि सही

‘विषयाला दोनपैकी एका हातात टाकले जाईल. कोणत्या हातात टाकले आहे हे विषयाला वा डॉक्टरांना कळणार नाही, कारण हा दुहेरी आंधळा अभ्यास आहे.’

एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या बैठकीत माझ्यासमोर आलेल्या मराठी कागदातलं हे वाक्य. कागद रक्ताच्या कर्करोगावरच्या एका औषधाच्या ट्रायलचा होता. ‘सब्जेक्ट’चा झाला विषय, ‘आर्म’चा झाला हात, ‘ब्लाइंड’चा झाला आंधळा. भाषांतर करणाऱ्यानं शब्दकोश उघडला होता, पेशंट डोळ्यांसमोर आणला नव्हता. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे लाल पेन पर्समध्ये असतोच. तो कागद मी इतका तांबडा केला की बैठकीत हशा पिकला. मग समितीतले एक डॉक्टर म्हणाले, “बाई, हसण्यावारी नेऊ नका. असाच कागद वाचून एका पेशंटच्या बायकोनं मला विचारलं होतं, या औषधानं डोळे जातात का?”

मी या समितीत कशी, असं कुणीही विचारेल. नवीन औषधं आणि ट्रायल यांबाबत २०१९ साली जे नियम आले, त्यांनुसार अशा समितीत किमान सात माणसं लागतात. त्यांतली निम्मी तरी त्या संस्थेबाहेरची हवीत. एक तरी बाई हवी, एक कायदा जाणणारा हवा आणि एक साधा माणूस हवा, ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही. त्या साध्या माणसाच्या खुर्चीवर मी बसते. कागद वाचायचा आणि न लाजता ‘मला कळलं नाही’ म्हणायचं, हे माझं काम. पुढे जे लिहिते आहे ते त्या खुर्चीवरून. कोणतं औषध घ्यावं, हे मी सांगणार नाही. तो माझा प्रांत नाही. पण ट्रायलचा कागद हातात आला तर काय पाहायचं आणि कुणाला काय विचारायचं, एवढं मला आता बरंच कळतं.

ट्रायल म्हटलं की घरात दोनच सूर निघतात. एक, ‘आपल्या माणसावर प्रयोग करणार, उंदीर करतील त्याचा.’ दुसरा, ‘सगळे उपाय थकले, आता ट्रायलवाले काही करतील तर.’ पहिल्या सुरात भीती आहे, ती अगदीच निराधार नाही. या देशात संमतीचे कागद धड न वाचून दाखवता माणसं घेतली गेल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये न्यायालयानं संमतीचं चित्रीकरण करायला लावलं. आजचे नियम त्यातूनच कडक झाले. दुसऱ्या सुराची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यामुळे माणसं उशिरा विचारतात आणि विचारतात तेव्हा दार बंद झालेलं असतं.

रक्ताच्या कर्करोगात आज जे ‘नेहमीचे उपचार’ म्हणून दिले जातात, ते सगळे कधी ना कधी ट्रायलच होते. १९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथले प्रमुख आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. सोळा मुलांपैकी दहांना थोड्या काळापुरता का होईना, आराम पडला. त्याआधी हा आजार म्हणजे काही आठवड्यांचा हिशेब असायचा. पुढे अनेक देशांत एकामागून एक ट्रायल होत गेल्या. एक औषध वाढवून पाहिलं, एकाचे दिवस कमी करून पाहिले. आज प्रगत देशांत या आजाराच्या दहापैकी सुमारे नऊ मुलं वाचतात. त्यात जादूची एक गोळी कुठेच नाही. हजारो आईबापांनी केलेल्या सह्या आहेत.

आपल्याकडचं अगदी अलीकडचं उदाहरण नव्या मुंबईतलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तयार केलेला कार-टी उपचार. यात पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून परत देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला. अमेरिकेत असा पहिला उपचार २०१७ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. आपला सुरू झाला तेव्हा तीस-चाळीस लाख रुपयांच्या घरात होता. मध्यमवर्गीय घराला तेही डोंगराएवढेच. मान्यतेआधीच्या ट्रायलमध्ये जे पेशंट होते, त्यांचे आकडे पाहा. दोन टप्पे मिळून ६४ जण. ज्यांचा परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ३७ जणांना गुण आला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले. हे सगळे आकडे एकत्र वाचायचे असतात. ‘७३ टक्के गुण’ असं ओरडून सांगणारा आणि ‘दोघं गेले’ एवढंच कुजबुजणारा, दोघांपासून सारखंच लांब राहा.

आता मुद्द्याचं. विचारायचं कधी? निदान झालं त्याच आठवड्यात, पहिल्या केमोच्या आधी. अनेक ट्रायल फक्त नव्या पेशंटसाठी असतात, ज्यांना अजून कुठलाच उपचार मिळालेला नाही अशांसाठी. केमोची एक फेरी झाली की ते दार लागतं. काही ट्रायल आजार उलटलेल्यांसाठीच असतात, त्यांच्यासाठी नंतरही विचारता येतं. पण पहिला प्रश्न पहिल्याच भेटीत टाकायचा: “डॉक्टर, माझ्या आजाराच्या या प्रकारावर इथे किंवा दुसरीकडे सध्या काही ट्रायल चालू आहे का?” कुठल्याही चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आलाच, तर त्यातूनही तुम्हाला काही कळेल.

इथे एक गोष्ट गावाकडच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. मुलाला ताप येतो, अंग दुखतं, मानेत गाठी येतात. जवळचा डॉक्टर स्टिरॉइड देतो आणि चार दिवसांत मूल खेळायला लागतं. घरात आनंद. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात स्टिरॉइड हे स्वतःच उपचाराचं औषध आहे, म्हणून हा आराम पडतो. पण त्यामुळे रक्तातल्या खराब पेशी तात्पुरत्या दडी मारतात, निदान लांबतं आणि मूल कमी धोक्याच्या गटातलं की जास्त, हे ठरवणं अवघड होऊन बसतं. पहिल्या आठवड्यात स्टिरॉइडला रक्त कसा प्रतिसाद देतं, यावरही हा गट ठरतो. ते मोजमापच बिघडतं. अशा मुलाला कित्येक ट्रायलमध्ये घेता येत नाही. तेव्हा गाठी, न जाणारा ताप, अंगावर लाल-निळे डाग असतील, तर स्टिरॉइडच्या आधी साधं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच तपासून घ्या. आणि स्टिरॉइड दिलं गेलंच असेल, तर मोठ्या रुग्णालयात ते लपवू नका. गावच्या डॉक्टरांची लाज राखायला म्हणून लपवणारे मी पाहिले आहेत.

‘ब्लड कॅन्सर’ एवढं म्हणून ट्रायल सापडत नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे तीन मोठे वाडे, प्रत्येकात डझनभर खोल्या. ट्रायल एखाद्याच खोलीसाठी असते. म्हणून फाईल नीट हवी. बोनमॅरोचा रिपोर्ट, फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्रांची तपासणी, मॉलिक्युलर रिपोर्ट आणि आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव व तारीख असलेली डिस्चार्ज कार्डं, सगळं तारखेच्या क्रमानं. लिम्फोमा असेल तर गाठीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे, ते लिहून ठेवा. तो मागून घेता येतो. मोबाईलमध्ये काढलेले वाकडे फोटो पुरत नाहीत. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर फाईल मांडीवर घेऊन बसलेली माणसं पाहिली आहेत ना? त्यांतला जो कागद पटकन काढून दाखवतो, त्याचे दोन दिवस वाचतात.

डॉक्टरांनी ‘आमच्याकडे नाही’ म्हटलं तर स्वतः शोधता येतं. भारतात होणाऱ्या प्रत्येक ट्रायलची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत व्हावी लागते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंद सक्तीची झाली. तिला सगळे सीटीआरआय म्हणतात. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. पासवर्ड लागत नाही, ओळख लागत नाही. घरातल्या कॉलेजातल्या पोरीला बसवा. आजाराचं नेमकं नाव घालून शोधलं की यादी येते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. उदाहरणार्थ, लहान मुलांच्या ल्युकेमियावर भारतातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या ट्रायलचा क्रमांक सीटीआरआय/२०१५/१२/००६४३४. म्हणजे नोंद डिसेंबर २०१५ ची. नोंद उघडली की आधी खाली जा आणि भरतीची स्थिती पाहा. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे वाचायचं, ‘क्लोज्ड’ असेल तर वेळ घालवू नका. मग कोणकोणत्या शहरांत, कोणत्या रुग्णालयांत आहे ते पाहा. त्यानंतर कुणाला घेणार आणि कुणाला नाही याची यादी वाचा. इंग्रजी कळत नसेल तर डॉक्टरांना त्या पानाची प्रिंट दाखवा. लोकांनी कुणाशी बोलावं त्या व्यक्तीचं नाव आणि फोनही तिथेच असतो. प्रत्येक रुग्णालयाच्या नैतिकता समितीनं मंजुरी दिली आहे की नाही, तेही लिहिलेलं असतं.

हा क्रमांक आणखी एका कामाचा. कुणी तुम्हाला ‘ट्रायलमध्ये घेतो’ म्हणाला, तर पहिला प्रश्न: सीटीआरआय क्रमांक काय? तो नसेल तर उठा. आणि जो ट्रायलच्या औषधाचे पैसे मागतो, त्याच्याकडून निघताना तर चप्पल पायात घालायलाही थांबू नका. ‘स्टेम सेल’ या नावाखाली लाखोंचा धंदा या देशात चालला आहे. बोनमॅरो प्रत्यारोपण हा रक्ताच्या आजारांवरचा मान्य उपचार आहे. पण बाकी ‘स्टेम सेलची इंजेक्शनं’ पैसे घेऊन टोचणं गैर आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ म्हटलं आहे. दोघांत फक्त नावाचं साम्य आहे आणि फसवणारे त्याच साम्यावर जगतात.

पुन्हा कागदाकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

ट्रायलचा संमतीपत्राचा कागद वीस-पंचवीस पानांचा असतो. तो तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायलाच हवा आणि सही झाल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. तो घरी न्या. ‘आत्ताच सही करा, बाहेर रांग आहे’ असं कुणी म्हटलं तर म्हणा, उद्या येते. तीव्र ल्युकेमियात उद्याचा परवा होऊ देता येत नाही हे खरं, पण एक रात्र बहुतेक वेळा मिळते. न मिळाली तर दोन तास तरी मिळवा, कॅन्टीनमध्ये बसा आणि मोठ्यानं वाचा. डोळ्यांनी वाचताना निसटणारं वाक्य तोंडानं वाचताना अडतं. चाळीस मुलांच्या वर्गात हे मी रोज पाहायचे.

पहिल्या पानावर टप्पा शोधा. पहिल्या टप्प्याच्या ट्रायलचा मुख्य प्रश्न असतो, औषध किती द्यावं आणि शरीर किती सोसतं. तिथे तुम्हाला गुण येईलच असं कुणी म्हणत नाही आणि म्हणत असेल तर ते बरोबर नाही. दुसऱ्यात, या आजारावर ते चालतं का? तिसऱ्यात, आहे त्या उपचारापेक्षा ते सरस आहे का? कधी कधी पहिल्या टप्प्यातच नशीब उघडतं. इमॅटिनिब या औषधाची पहिली ट्रायल १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या ज्या ५४ जणांना तीनशे मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळाला, त्यांतल्या ५३ जणांचे रक्तपेशींचे आकडे पूर्ववत झाले. असं उदाहरण पिढीतून एखादं. त्यावर भिस्त ठेवून सही करू नका.

मग ते ‘हात’. आता मी सगळीकडे ‘गट’ करून घेते. तिसऱ्या टप्प्यात बहुधा दोन गट असतात: एकाला नवं औषध, दुसऱ्याला सध्याचा सर्वमान्य उपचार. कोण कुठे जाणार, हे कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टर ठरवत नाहीत, तुमची ओळख ठरवत नाही, आमदारांची चिठ्ठीही नाही. ‘दुसऱ्या गटाला साखरेची गोळी देऊन मरू देतात’ ही भीती मी खूप ऐकते. रक्ताच्या कर्करोगावर चांगला उपचार उपलब्ध असताना कुणाला नुसत्या खोट्या गोळीवर ठेवणं नैतिकता समिती मंजूर करत नाही. खोटी गोळी असलीच तर ती खऱ्या उपचाराच्या जोडीला असते. तरीही विचारा: “मी जुन्या गटात गेलो आणि आजार वाढला, तर मला नवं औषध मिळेल का?” इमॅटिनिबच्याच पुढच्या ट्रायलमध्ये, ११०६ जणांच्या, अशी सोय होती आणि जुन्या गटातले पुष्कळजण नव्यात आले. सगळ्या ट्रायलमध्ये ती नसते.

‘औषध मोफत’ या दोन शब्दांखाली मी नेहमी लाल रेघ ओढते. औषध मोफत, मग बोनमॅरो तपासणी? प्लेटलेटची पिशवी? ताप आला तर लागणारी महागडी अँटिबायोटिक्स? खाट? ट्रायलसाठी म्हणून ज्या जादा तपासण्या आहेत, त्यांचा भार तुमच्यावर पडायला नको. नेहमीच्या उपचाराचा खर्च मात्र बहुधा तुमचाच असतो. सीमारेषा कुठे, ते लिहून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असाल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा की त्यातलं काय योजनेत बसतं. खासगी विमा असेल तर आणखी सावध. पॉलिसीत ‘सिद्ध न झालेले उपचार’ वगळल्याचं कलम असतं. कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि येण्याजाण्याचं काय? सांगोल्याहून मुंबईला महिन्यातून चार खेपा, बरोबर एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी. प्रवासखर्च देण्याची तरतूद पुष्कळ ट्रायलमध्ये असते, पण मागितल्याशिवाय हातात पडत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटची राहण्याची सोय आहे, हे अनेकांना मुंबईत येऊन चार रात्री प्लॅटफॉर्मवर काढल्यावर कळतं.

शेवटून दुसऱ्या पानावर एक फोन नंबर असतो: ‘तातडीच्या वेळी संपर्क’. माझी एक खोड आहे. कागद मंजुरीला आला की रविवारी रात्री नऊ वाजता मी तो नंबर लावून पाहते. एकदा नुसतीच रिंग वाजत राहिली. एकदा एका झोपलेल्या लॅबवाल्यानं उचलला. त्याला ट्रायल ठाऊकच नव्हती. दोन्ही वेळा कागद परत पाठवला. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटला हा नंबर म्हणजे शोभेची ओळ नव्हे. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना आलेला साधा ताप काही तासांत जिवावर उठू शकतो. तुमचं गाव रुग्णालयापासून सहा तासांवर असेल तर सही करायच्या आधीच ठरवा: ताप आला तर जवळच्या कुठल्या रुग्णालयात जायचं आणि तिथल्या डॉक्टरला दाखवायला ट्रायलचं छोटं कार्ड मिळणार का? आणि तुम्हीही तो नंबर एकदा लावून पाहा.

इजा झाली तर? ट्रायलमुळे त्रास झाला तर त्यावरचा उपचार मोफत मिळतो आणि कायमची इजा वा मृत्यू झाला तर भरपाई द्यावी लागते. दयाबुद्धीनं नव्हे, नियमानं. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: आठ लाखांचा आधार धरून, वय आणि आधीच्या आजाराची तीव्रता यांच्या हिशेबानं रक्कम ठरते. आजार जितका पुढे गेलेला, तितका आकडा कमी. हे वाचताना मला दर वेळी कसंसंच होतं, पण पेशंटच्या घरानं ते आधी वाचलेलं बरं. गंभीर घटना घडली की डॉक्टरांनी चोवीस तासांत ती नैतिकता समितीला आणि सरकारी औषध नियंत्रकांना कळवायची असते. तुम्हीही कळवू शकता.

खाण्यापिण्याची चौकट बहुतेकजण ओलांडून जातात. ती थांबून वाचा. रक्ताच्या कर्करोगावरच्या काही गोळ्या शरीरातल्या ज्या यंत्रणेनं पचतात, तिला काही फळं अडवतात आणि औषधाचं रक्तातलं प्रमाण नको तितकं चढतं. कागदात ‘ग्रेपफ्रूट’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते कोण खातं? पण त्याचंच भावंड पपनस गणपतीत घरोघर येतं. व्हेनेटोक्लॅक्ससारख्या औषधाच्या यादीत ‘स्टारफ्रूट’ही असतं. म्हणजे शाळेबाहेरच्या गाडीवर मीठ-तिखट लावून मिळतं ते कमरक. मी भाषांतरात ही दोन्ही नावं घालायला लावते. काढे, गुळवेल, परगावच्या वैद्याची पुडी, यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. ते ओरडतील म्हणून लपवलंत आणि यकृताचे आकडे चढले, तर दोष ट्रायलच्या औषधावर जाईल, ते बंद होईल आणि नुकसान तुमचंच होईल.

दुसरी चौकट गर्भनिरोधनाची. एका अविवाहित मुलीच्या आईनं तो परिच्छेद वाचून कागद फेकला होता: “आमची मुलगी तसली नाही.” मी तिला थॅलिडोमाइडची गोष्ट सांगितली. १९५०-६० च्या दशकांत गरोदर बायकांनी घेतलेल्या त्या गोळीनं हजारो बाळं हातापायांविना जन्मली. तेच औषध १९९९ मध्ये मायलोमावर चालतं असं अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये दिसलं आणि आज ते आणि त्याची भावंडं या आजारावर सर्रास दिली जातात. त्या कलमात कुणाच्या चारित्र्यावर शंका नसते. ते सगळ्यांसाठी असतं, पुरुषांसाठीही. आणि पुढे मूल हवं असेल तर उपचार सुरू होण्याआधी वीर्य किंवा बीजांड साठवण्याबद्दल विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो आणि आपल्याकडे हा विषय मुलाच्या बापाला काढवत नाही, डॉक्टरांना वेळ नसतो.

सर्वांत नाजूक प्रसंग सहीचा. माझ्या दिरांना मायलोमा झाला तेव्हा घरात सगळे ‘हाडांचा आजार’ म्हणत. ट्रायलचं विचारलं गेलं तेव्हा पुतण्या म्हणाला, “काकू, मी सही करतो, बाबांना नका सांगू, खचतील.” मीच समितीत बसणारी आणि माझ्याच घरात हे. त्याला म्हटलं, तू करून चालणार नाही. शुद्धीवर असलेल्या, समजणाऱ्या मोठ्या माणसाची सही दुसरं कुणी करू शकत नाही. ज्याच्या शिरेत औषध जाणार, त्यानंच करायची. लिहिता-वाचता येत नसेल तर एका तटस्थ साक्षीदारासमोर कागद वाचून दाखवून अंगठा घेतात. सात वर्षांपुढच्या मुलालाही त्याला कळेल असं सांगून तोंडी होकार घ्यायचा असतो, बारांच्या पुढे लेखी. आईबापांची सही वेगळी. दिरांना शेवटी पुतण्यानंच सांगितलं. ते म्हणाले, “मला ठाऊक होतं रे, तुम्हाला ठाऊक आहे की नाही तेच कळत नव्हतं.” मग चष्मा मागून घेतला आणि दोन दिवस तो कागद वाचला. सहाव्या पानावर त्यांनी प्रश्न काढला: बोनमॅरो एकूण किती वेळा? मला तो सुचला नव्हता. उत्तर होतं, दोन वर्षांत सात. ते नको म्हणाले. ट्रायलमध्ये गेले नाहीत, नेहमीचे उपचार घेतले. त्यावरून त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही, बोलायचाही नसतो.

आत जाता येतं तसं बाहेरही पडता येतं, केव्हाही, कारण न सांगता. त्यानंतर रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही. मात्र गोळ्या परस्पर बंद करून घरी बसू नका. डॉक्टरांना सांगा, काही औषधं हळूहळू उतरवावी लागतात. ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, हेही आधीच विचारा. गुण येत असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर समितीच्या परवानगीनं ते पुढे मिळण्याची वाट नियमांत आहे.

आणि एक. तपासण्या होऊन तुम्हाला घेतलं नाही तर नर्स म्हणेल, ‘स्क्रीन फेल’. शाळामास्तरीण म्हणून या शब्दाचा मला भारी राग आहे. तुम्ही कशातही नापास झालेला नसता. कधी मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन दशांशानं जास्त असतं, कधी आधीच्या औषधाला पुरेसे दिवस झालेले नसतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासतात का, ते विचारा.

कागदाच्या अगदी शेवटी, डॉक्टरांच्या नंबरखाली, नैतिकता समितीच्या सदस्य-सचिवांचं नाव आणि फोन असतो. तो नंबर पेशंटसाठीच असतो. पण इतक्या वर्षांत आमच्या समितीला पेशंटचे फोन आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एखादा शब्द अडला, पैसे मागितले, सहीची घाई केली, तर तो फोन लावा. ‘मला कळलं नाही’ एवढंच म्हटलंत तरी पुरे.